वाहनमुक्त भूशिराला सायकलने वळसा: सुलट जावं की उलट?

रानवाट:
नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण पंधरा दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून विचारतेच.

पुढच्या महिन्यात धाकटी बहीण आणि मी एका भूशिरावर सायकलने जाणार आहोत. दोन रात्री तंबूत आणि सगळं सामान सायकलवर. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर चर्चा तिथल्या मुक्कामाच्या सोयींवर जाईल. मला हवंय ते उत्तर कुठल्याही भूशिराला लागू पडावं असं आहे.

भूशिर पश्चिमेकडे समुद्रात घुसलेलं, अंगठ्यासारखं. त्याला वळसा घालणारी वाट २६ किलोमीटरची आणि संपूर्ण वाहनमुक्त. दक्षिण अंगाला ९ किलोमीटरचा मंद चढ आहे, समुद्रसपाटीपासून १४० मीटरपर्यंत. मग टोकाभोवती कड्यावरून १४ किलोमीटर वरखाली. शेवटी उत्तर अंगाला उरलेल्या ३ किलोमीटरमध्ये वाट खाली उतरते आणि मधला एक तुकडा ११ टक्क्यांचा आहे, म्हणजे दर शंभर मीटरला ११ मीटर उतार. जमीन बारीक खडीची. मी, सायकल आणि सामान मिळून १०५ किलो.

दक्षिणेकडून चढून उत्तरेला उतरलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, त्याला आपण सुलट म्हणू. विरुद्ध दिशेला उलट. कुठल्या बाजूने जावं आणि का?

आणखी एक सांगते, कारण उत्तरावर त्याचा परिणाम होईल. दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर एक ट्रक बहिणीच्या कोपराला घासावा इतक्या जवळून गेला. ती पडली नाही, लागलं काहीच नाही. पण त्या दिवशी घरी येऊन तिने सायकल भिंतीला टेकवून ठेवली ती ठेवलीच. या वाटेवर गाड्या नाहीत हे कळल्यावर ती स्वतःहून म्हणाली, "मी येते." हा दौरा तिच्यासाठी आहे.

दोनचाकी:
कुठूनही जा, पण जाच. आणि आल्यावर फोटो टाका.

उलटा_वारा:
ताई, आधी वारा बघा, मग बाकी सगळं.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे अंगावर येतात. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. सकाळी तो नसल्यासारखा असतो आणि दुपारी सगळ्यात जोरात वाहतो. भूशिर पश्चिमेकडे तोंड करून बसलंय, म्हणजे दुपारी टोकाकडे जाणाऱ्याला तो समोरून लागणार.

आता हिशेब बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी २० किलोमीटरने जाताय आणि समोरून १५ चा वारा आहे, तर तुमच्या छातीला ३५ चा वारा लागतो. शांत हवेच्या तुलनेत विरोध तिप्पट. पाठीशी तोच वारा असला तर अंगाला फक्त ५ चा लागतो, विरोध जवळजवळ नाहीसाच. पण समोरच्या वाऱ्याने घालवलेला वेळ पाठीमागचा वारा कधीच पुरता भरून देत नाही, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो.

शिवाय भूशिराच्या टोकाला वारा दाबला जाऊन वेगाने निसटतो. कड्याच्या माथ्यावरही तेच. खाली किनाऱ्यावर झुळूक असते तेव्हा वर टोपी उडते.

म्हणून सुलट जा, पण पहाटे निघा. दक्षिण अंग वारा उठायच्या आत संपवा, टोकावर उन्हं चढताना पोचा, आणि परतीला वारा पाठीशी घ्या.

शेवटचागिअर:
वाऱ्याचा मुद्दा बरोबर आहे, तरी मी उलट दिशेच्या बाजूने आहे. कारण तो ११ टक्क्यांचा तुकडा.

सामान लादलेली सायकल खडीवरून ११ टक्के खाली आणणं ही चढण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे. १०५ किलो १४० मीटर खाली आणताना सुमारे १४४ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. ताशी १५ च्या वेगाने ३ किलोमीटर उतरायला १२ मिनिटं लागतात, म्हणजे सलग २०० वॅट. थोडी टायर आणि हवा खातात, बाकी सगळी ब्रेकच्या वाट्याला. पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की खडीवर पुढचं चाक घसरतं, मागचा दाबला की मागचं चाक कुलूप लागल्यासारखं फरफटतं. दोन वर्षांनी सायकलवर बसणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी हे द्यायचं का?

त्यापेक्षा तो तुकडा चढा. पुढे २४ दातांची चकती आणि मागे ३४ चं गिअर असेल तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांवर सायकल ताशी साडेपाच किलोमीटरने चालते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढी. त्यालाही ११ टक्क्यांवर पावणेदोनशे वॅट लागतात. नाही जमलं तर उतरून ढकला. ढकलताना कुणी पडत नाही. मग दक्षिण अंगाचा ९ किलोमीटरचा मंद उतार बक्षीस म्हणून मिळतो.

रानवाट:
अरे बापरे, दोघांचंही पटतंय! हाच माझा घोळ होता.

निवांत_चाक:
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

मी वीस वर्षं सामान लादून फिरतोय. वाहनमुक्त वाटा मला अंगणातल्या खेळासारख्या वाटतात. सुंदर आहेत, मान्य. पण २६ किलोमीटरला दोन रात्री? रस्त्याने त्याच दिवसात ९० किलोमीटर होतात. शिवाय या वाटा कुठे पोचवत नाहीत, वळसा घालून तिथेच आणतात. मध्ये फाटकं आणि दुचाक्या अडवायला लावलेले नागमोडी कठडे असतात. त्यांत पॅनिअर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावलेली सायकल शिरत नाही, मग सामान काढा, सायकल उचला, सामान पुन्हा लावा. एका वाटेवर एका सकाळी हे मी सात वेळा केलंय. आणि रस्त्यावर माणसं भेटतात, गावं लागतात. कड्यावर कोण भेटतं?

दौरा म्हणजे इथून तिथे जाणं. गाड्यांची सवय करून घ्यावी लागते, ती होते.

मुक्तछंदी:
निवांतदादा, "सवय होते" हे ज्याच्या कोपराला ट्रक घासत नाही त्याने म्हणावं. माझी आई बासष्टाव्या वर्षी सायकल शिकली. रस्त्यावर ती कधीच येणार नाही आणि मी तिला आणणारही नाही. समुद्राकाठच्या एका बंद वाटेवर ती माझ्यासोबत १८ किलोमीटर आली. मध्ये तीनदा थांबली ती दमली म्हणून नव्हे. तिला पाण्यात काहीतरी दिसलं म्हणून, एकदा चप्पल काढून गवतावर उभं राहावंसं वाटलं म्हणून, आणि एकदा नुसतंच. रस्त्यावर असं कुठेही थांबता येतं का? आधी आरशात बघा, कडेला घ्या, पाय कुठे टेकवायचा ते शोधा. वाहनमुक्त वाटेवर मधोमध थांबता येतं. मला तरी तेवढंच पुरतं.

निवांत_चाक:
आईंना माझा नमस्कार सांगा. "सवय होते" हे शब्द मागे घेतो. बाकी मत तूर्त तेच.

भूगोलवाली:
इथे माझा आवडता विषय आलाय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

भूशिर तयार होतं ते खडक कमीजास्त कठीण असल्यामुळे. मऊ खडक झिजून उपसागर होतात, कठीण खडक पुढे उरतो. पण पुढे उरला की लाटा त्यालाच धरतात, कारण उथळ पाण्यात लाटा वळतात आणि त्यांचा जोर भूशिरावर एकवटतो. आधी गुहा पडते, गुहा आरपार गेली की कमान होते, कमान कोसळली की सुटा स्तंभ पाण्यात उभा राहतो. म्हणजे भूशिर ही झिजत असलेली जागा आहे. टोकावरून खाली एखादा सुटा सुळका दिसला तर ओळखा की एके काळी वाट तिथपर्यंत जाऊ शकली असती.

आणि म्हणूनच जगातल्या कितीतरी वाहनमुक्त किनारी वाटा या गाड्यांनी सोडून दिलेल्या वाटा आहेत! कॅलिफोर्नियातलं डेव्हिल्स स्लाइड घ्या. कड्यावरून जाणारा महामार्ग दरडींनी वारंवार बंद पडायचा. शेवटी २०१३ साली डोंगरातून बोगदे काढून वाहतूक आत वळवली आणि २०१४ मध्ये तो जुना रस्ता चालणाऱ्यांना आणि सायकलींना दिला. इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर समुद्राला चिकटून धावणारी एकेरी रेल्वे २००१ साली आत हलवली. मोकळ्या झालेल्या मार्गावर ओस्पेदालेत्तीपासून सान लोरेंझो अल मारेपर्यंत २४ किलोमीटरची सायकलवाट आहे. इंग्लंडमध्ये स्कारबरो ते व्हिटबी ही रेल्वे १८८५ ला सुरू झाली आणि १९६५ ला बंद पडली. रुळांखाली खडीऐवजी कोळशाची राख आणि खंगर घातलेले होते म्हणून आता तिचं नावच सिंडर ट्रॅक. ती रेव्हन्सकारच्या भूशिरावर सुमारे १९० मीटर उंचीवरून जाते.

म्हणजे निवांत_चाक म्हणतात तसा हा अंगणातला खेळ नाही. हे जुने दळणवळणाचे मार्ग आहेत. समुद्राने नाहीतर काळाने इंजिनांना तिथून माघार घ्यायला लावली आणि पेडल मारणाऱ्यांना ते मिळाले.

दोनचाकी:
म्हणजे समुद्राने वाहतूक पोलिसाचं काम केलं तर!

शेवटचागिअर:
भूगोलवालीताई, सुंदर. एक भर घालतो. रेल्वेच्या वाटेचा मोठा गुण म्हणजे चढ. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नाही. तुम्ही सांगितलेल्या रेव्हन्सकारचा चढ ३९ ला १ आहे, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि रेल्वेच्या मानाने तो खडा समजला जातो. लादलेल्या सायकलला अडीच टक्के म्हणजे तासभर गप्पा मारत चढण्यासारखं. रानवाट यांच्या दक्षिण अंगाची सरासरी तर दीड टक्क्याची भरते. ती जुनी रेल्वेच असावी असा माझा अंदाज.

रानवाट:
बरोबर ओळखलंत! दक्षिण अंग जुना लोहमार्ग, उत्तर अंग पायवाट रुंद करून केलेलं.

उलटा_वारा:
इटलीच्या त्या वाटेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मिलान ते सान रेमो ही १९०७ पासूनची सायकल शर्यत शेवटच्या टप्प्यात याच किनाऱ्याने जाते, आणि तिथे कापो मेले, कापो चेर्वो, कापो बेर्ता असे लागोपाठ तीन चढ येतात. कापो म्हणजे भूशिर. शर्यतवाले भूशिरं वरून ओलांडतात आणि सायकलवाट काही ठिकाणी पोटातून जाते. सान रेमो आणि ओस्पेदालेत्तीच्या मध्ये कापो नेरोखालचा जुना रेल्वे बोगदा पावणेदोन किलोमीटरचा आहे आणि तो या शर्यतीच्या आठवणींनी सजवलाय. वाटेत बोगदा असेल तर दिवा न्याच. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरलं की डोळे काही क्षण आंधळेच असतात, आणि समोरून चालणारी माणसं येत असतात.

पायवाटी:
सायकल चालवत नाही, चालते. तरी या धाग्यावर एक विनंती. अशा वाटांवर आम्हीही असतो. मागून घंटी वाजवा, पण पाठीला टेकल्यावर नको, वीस पावलं आधी. आणि आम्ही चौघी बोलत चाललो असलो तर पहिली घंटी ऐकूच येत नाही, दुसरी वाजवावी. लाटांचा आवाजही असतो.

रानवाट:
पायवाटीताई, लक्षात ठेवते. दोन घंट्या, वीस पावलं.

जुनीसायकल:
रानवाट, बाळ, मी वयाने मोठा आहे म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो.

गाड्या नाहीत म्हणजे धोका नाही असं बहिणीच्या मनात बसू देऊ नकोस. धोक्याची जागा बदलते, इतकंच. एकदा मी कड्यावरच्या वाटेने चाललो होतो. पुढच्या चाकाला दोन मोठे पॅनिअर होते. डोंगराच्या एका कपारीआडून बाहेर आलो आणि आडव्या वाऱ्याचा झोत आला. पुढचे पॅनिअर शिडासारखे भरले आणि हँडल माझ्या हातात असूनही माझं राहिलं नाही. सायकल दीड हात सरकली. मी आतल्या बाजूने चाललो होतो म्हणून आज लिहितोय. त्या दिवसापासून जड सामान मागे, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. पुढे फार तर हलकं आणि लहान.

कड्याच्या काठाला उभं राहू नका. वरून गवत धड दिसतं, पण खालून माती गेलेली असते आणि ते वरून कळत नाही. फोटोसाठी दोन पावलं मागेच.

बहिणीला आत ठेव, तू समुद्राच्या बाजूला राहा. वाट अरुंद झाली की एकामागे एक, ती पुढे, तू मागे. मागून येणाऱ्या आवाजाची भीती असते ना तिला, मग मागे तू आहेस हे तिला माहीत असू दे. माझ्या पत्नीबरोबर मी बारा वर्षं असाच चाललो.

रानवाट:
काका, हे वाचून दोन मिनिटं काही टंकता आलं नाही. ती पुढे, मी मागे. असंच करणार.

मुक्तछंदी:
काका __/\__

चिखलमाती:
अजून कुणी बोललं नाही ते मी बोलतो. वाहनमुक्त म्हणजे मदतमुक्तही. रस्त्यावर काही मोडलं तर कुणीतरी गाडी थांबवतं. टोकावर १३ किलोमीटर आत मागचा गिअर ज्यावर लटकतो तो हँगर वाकला तर चालतच यायचं. म्हणून एक जादा हँगर, दोन ट्यूब, चेनचा जोडदुवा, दोन स्पोक आणि पंप हवाच. खडीवर कॅरिअरचे बोल्ट थरथरून सैल होतात. रोज संध्याकाळी हात लावून बघा. माझा एक बोल्ट गळला होता, तेव्हा कॅरिअर तंबूच्या दोरीने बांधून आलो.

आणि पाणी न्या. तीन बाजूंनी पाणी असतं, पण प्यायचं नसतं. भूशिरावर ओढे लहान असतात, पाऊस पडला की दोन्हीकडून समुद्रात निसटतो. एका लिटरला एक किलो वजन, तरी न्या.

टायर किती रुंद आहे?

रानवाट:
३८ मिलिमीटर. चालेल का?

चिखलमाती:
चालेल, ४२ असतं तर आनंदाने चाललं असतं. रस्त्यावर भरता त्यापेक्षा हवा थोडी कमी ठेवा, मागे थोडी जास्त पुढे थोडी कमी. खडी टोचत नाही आणि पकड वाढते. फार कमी केली तर सामानाच्या वजनाने ट्यूब रिमवर चिमटते, तेवढं सांभाळा.

गंजकाढू:
धागा वाचून हात शिवशिवतायत. खाऱ्या हवेबद्दल एक शब्द नाही?

समुद्राकाठी दोन दिवस म्हणजे सायकलच्या दृष्टीने दोन महिने. लाटांचे तुषार वाळतात, मीठ उरतं, आणि मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं. आल्या संध्याकाळी सायकल साध्या पाण्याने धुवायची. जोराच्या फवाऱ्याने नाही, तो बेअरिंगमधलं ग्रीस बाहेर काढून पाणी आत घालतो. मग पुसायची, चेन पूर्ण सुकू द्यायची आणि नंतर तेल. जादा तेल पुसून टाकायचं, नाहीतर वाळू चिकटून घासायची लेई तयार होते. ब्रेकच्या डिस्कला तेलाचा हात नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) असेल तर जाण्यापूर्वी काढून ग्रीस लावा. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे घरबसल्या बॅटरीच. अॅल्युमिनियम झिजून फुगतं आणि सीटपोस्ट जन्मभरासाठी अडकते. अशी एक पोस्ट काढायला मला अडीच दिवस लागले होते, शेवटी आतून करवतीने कापली. स्पोकची निपलं, म्हणजे रिमकडचे छोटे नट, पितळेची असतील तर निश्चिंत राहा, अॅल्युमिनियमची असतील तर डोळा ठेवा.

दोनचाकी:
गंजकाढू यांचा प्रतिसाद वाचून आत्ताच उठून सीटपोस्ट हलवून बघितली. हलली!

गंजकाढू:
अभिनंदन. आता ग्रीस लावा.

मुक्तछंदी:
अवांतर: "भूशिर" हा शब्द किती छान आहे. जमिनीचं डोकं. शाळेत व्याख्या पाठ करताना कधी जाणवलं नव्हतं.

शेवटचागिअर:
मग संयोगभूमी म्हणजे मान म्हणायची.

भूगोलवाली:
हो की! आणि टोक म्हणजे नाक. अवांतरात भर घालते. आफ्रिकेचं दक्षिण टोक म्हणून केप ऑफ गुड होप सांगितलं जातं, पण खरं दक्षिण टोक केप अगुल्हास. पोर्तुगीज खलाशी बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये वळसा घालून गेला तेव्हाचं गुड होपचं पहिलं नाव "वादळांचं भूशिर" असं सांगतात. आशेचं नाव नंतर पडलं. भूशिरांची नावं खलाशांनी ठेवलेली आहेत, आणि त्यांना वळसा कुठल्या बाजूने घालायचा हा त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. रानवाटचा प्रश्न तसा फार जुना आहे.

निवांत_चाक:
मी हा धागा गेले चार दिवस वाचतोय आणि माझ्या प्रतिसादाबद्दल विचार करतोय.

नॉर्वेतल्या नॉर्थ केपला मी गेलो होतो, तीनशे सात मीटरचा कडा, सायकलवाल्यांची पंढरीच. तिथे पोचायला समुद्राखालून जवळजवळ ७ किलोमीटरचा बोगदा आहे, पाण्याच्या पातळीखाली २१२ मीटर. खाली जाताना थंडीने बोटं वाजत होती, वर येताना घामाने कपडे भिजले, आणि बोगद्यात मोटारी होत्या. लांबून येणाऱ्या एका गाडीचा आवाज आत इतका घुमतो की शंभर गाड्या येतायत असं वाटतं. मी भिंतीला चिकटून थांबलो होतो. मी घाबरलो होतो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "सवय होते" हे लिहिताना ते मी विसरलो होतो, किंवा विसरायचं ठरवलं होतं.

दौरा म्हणजे इथून तिथे जाणं हे मला अजूनही वाटतं. पण २६ किलोमीटरला दोन रात्री याला मी जे हसल्यासारखं केलं ते चुकलं.

आणि आता मूळ प्रश्नाकडे, कारण त्याचं उत्तर मी दिलंच नव्हतं. कॅनडात वँकूवरला स्टॅन्ली पार्कभोवती समुद्राच्या भिंतीवरून सुमारे ९ किलोमीटरची वाट आहे. काम १९१७ ला सुरू झालं ते कित्येक दशकं चाललं. तिथे सायकलींना एकच दिशा, घड्याळाच्या उलट. त्या देशात उजवीकडून चालतात, आणि उलट दिशेने गेलं की समुद्र उजव्या हाताला येतो. डावीकडून चालण्याची सवय असलेल्यांना हाच हिशेब आरशात बघावा लागेल. सुलट गेलं तर समुद्र डावीकडे, आणि समोरून येणारे आपल्या उजवीकडून, डोंगराच्या बाजूने जाणार. दृश्य आपलं, पण काठही आपल्या बाजूला. कठडा भक्कम असेल तर सुलट. कठडा नसेल तर उलट, कारण मग आपण आपोआप आतल्या अंगाला राहतो.

शेवटचागिअर:
हे मी इतक्या वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं! कठडा आहे का, रानवाट?

रानवाट:
दक्षिण अंगाला पूर्ण आहे. टोकावर तुकड्यातुकड्याने. उत्तरेच्या उतारावर नाही.

जुनीसायकल:
मग उत्तरेचा उतार सायकल हातात धरून उतरा. तीन किलोमीटर चालायला पाऊण तास. कुठे पळायचंय?

उलटा_वारा:
काकांना अनुमोदन. वाऱ्यासाठी सुलट जा, ११ टक्क्यांवर चाला. शेवटचागिअर, चालेल?

शेवटचागिअर:
चालेल. पण दुसऱ्या दिवशी उलट जाऊन बघा, तेवढा हट्ट पुरवा.

रानवाट:
(पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय.)

जाऊन आलो. फोटो वेगळ्या धाग्यात टाकेन, आधी हे लिहिते.

पहिल्या दिवशी सुलट. पहाटे साडेपाचला निघालो. दक्षिणेचा चढ चढ वाटलाच नाही. वारा नव्हता, पाणी ताटासारखं. बहीण पुढे, मी मागे. पहिले तीन-चार किलोमीटर ती दर मिनिटाला मान वळवून मागे बघायची. मी नुसता हात वर करायचे. मग वळून बघण्यामधलं अंतर वाढत गेलं. जुन्या स्टेशनचा फलाट लागतो तिथे मला जाणवलं की बराच वेळ झाला, तिने मागे बघितलेलं नाही. मी काही बोलले नाही.

टोकावर दहाच्या सुमाराला उलटा_वारा म्हणाले तसंच. खाली पानही हलत नव्हतं, वर झेंड्यासारखे कपडे फडफडत होते. खाली एक सुळका पाण्यात उभा, त्यावर पक्ष्यांची दाटी. भूगोलवालीताई, तुमची कमान कोसळल्याची गोष्ट बहिणीला सांगितली, ती बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

अकरा टक्के चालत उतरलो. पन्नास मिनिटं. काका, कुठेही पळायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उलट. चढ ढकलत, दोनदा थांबून. टोक दुपारी ओलांडलं, वारा तोंडावर होता आणि बहीण वैतागली. पण दक्षिणेचा उतार पाठीशी... नाही, तिथेही वारा वळून आडवा येत होता, तरी ९ किलोमीटर पेडल जवळजवळ न मारता आलो. त्या उताराला बहिणीने मला मागे टाकलं. मी ओरडले, "हळू!" तर म्हणाली, "मागे कोणी नाहीये ना?" मी म्हटलं, मी आहे. म्हणाली, "मग ठीक."

तिला विचारलं कुठली दिशा आवडली. म्हणते, सकाळची.

पायवाटीताई, दोन घंट्या वाजवल्या. तरी एका आजोबांना तिसरी वाजवावी लागली.

निवांत_चाक:
मन भरून आलं. रेव्हन्सकारच्या त्या राखेच्या वाटेचा नकाशा काढून बसलोय. ३५ किलोमीटर. मी तीन रात्री धरल्यात.

गंजकाढू:
ताई, सगळं ठीक. सायकल धुतली का?

रानवाट:
आल्या संध्याकाळीच, दोन्ही. साध्या पाण्याने. बहिणीची तिनेच धुतली, आणि सीटपोस्ट काढून ग्रीसही तिनेच लावलं. सायकल आता भिंतीला नाही, दारात आहे.